अगत्ती ते पोर्ट ब्लेअर, व्हाया सोलापूर

एक लक्षद्वीपमध्ये, दुसरा अंदमानात. एक अरबी समुद्रात, दुसरा बंगालच्या उपसागरात. अगत्ती आणि पोर्ट ब्लेअर, बेटांवरचे दोन विमानतळ. दोन्ही भारतातच. मग ह्या दोघांमधलं हवाई अंतर किती आणि विमानाला जायला वेळ किती लागेल?

तुम्ही म्हणाल, ह्याला उद्योग नाहीत. बरोबर आहे, नाहीतच. शनिवार आहे, बंगलोरात पाऊस आहे, धोबी आला नाही आणि सोमवारची डेडलाईन आठवायची नाही असं ठरवलंय. अशा वेळी काही लोक पोहे करतात, मी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो. (पोहे मला चांगले जमत नाहीत, हेही एक कारण.)

अंतराचं गणित सोपं आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल चेंडू आहे असं धरायचं आणि हॅवरसाइनचं सूत्र चालवायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी त्रिकोणमितीचा कंटाळा केलेल्यांनाही जमेल इतकं ते सरळ आहे, दहा ओळींत संपतं. उत्तर आलं २२४३ किलोमीटर. वेळेसाठी आपली ढोबळ रीत अशी की ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर मिळवायचा. म्हणजे सव्वातीन तास आणि वर दोन-तीन मिनिटं. झालं की हो!

पण आकडे बघताना एक गंमत दिसली. आपलं घड्याळ चालतं ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर. अगत्ती त्याच्या पश्चिमेला १०.३ अंश आणि पोर्ट ब्लेअर पूर्वेला १०.२ अंश. जणू कुणी तराजूत घालून मांडलंय. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणजे पोर्ट ब्लेअरचा सूर्य डोक्यावर आल्यानंतर सुमारे ८२ मिनिटांनी तो अगत्तीच्या डोक्यावर येतो. घड्याळात मात्र दोन्हीकडे एकच वेळ. म्हणजे सूर्याला हे अंतर कापायला ८२ मिनिटं, विमानाला सव्वातीन तास. आणि माणसाला?

इथे माझं दहा ओळींचं सूत्र आडवं झालं. कारण हे सव्वातीन तासांचं विमान अस्तित्वातच नाही.

त्याचं कारणही फार मजेशीर आहे. अगत्तीचं बेट म्हणजे पोवळ्यांची एक लांबट, चिंचोळी पट्टी, आणि तिच्या टोकाशी सुमारे १२०० मीटरची धावपट्टी. दोन्हीकडे पाणी. मोठं जेट तिथे उतरूच शकत नाही, उतरतात ती एटीआरसारखी पंख्याची छोटी विमानं. आता एटीआर-७२ माणसं भरून एका दमात जातं साधारण दीड हजार किलोमीटर. म्हणजे जे अगत्तीला उतरू शकतं ते पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचू शकत नाही आणि जे पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचू शकतं ते अगत्तीला उतरू शकत नाही. पोर्ट ब्लेअरला (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, जिभेला अजून जुनंच येतं) सव्वातीन किलोमीटरची ऐसपैस धावपट्टी आहे, तीही नौदलाच्या तळाबरोबर वाटून घेतलेली. त्या विमानतळाला नाव आहे सावरकरांचं. ४ जुलै १९११ ला त्यांना तिथे नेलं ते मद्रासहून बोटीने. आजही चेन्नईहून बोटीने जायचं म्हटलं तर जवळजवळ तीन दिवस जातात.

मग अगत्तीच्या माणसाने जायचं कसं? आधी कोचीला, कोचीहून चेन्नईला, तिथून पोर्ट ब्लेअरला. मी तिन्ही टप्पे मोजले. ४६८ अधिक ५१८ अधिक १३७३. बेरीज २३५९ किलोमीटर.

पुन्हा एकदा बघा. सरळ रेषेत २२४३ आणि वळसा घालून २३५९. फक्त ११६ किलोमीटर जास्त, म्हणजे पाच टक्के. कोची आणि चेन्नई जवळजवळ त्याच रेषेवर पडतात म्हणून. तरी प्रवासाला किती वेळ लागेल? टप्पे जुळले तर एक अख्खा दिवस, आणि नाही जुळले तर मध्ये एक रात्र कुठल्या तरी लॉजवर. अंतर पाच टक्क्यांनी वाढलं आणि वेळ पाच-सात पटींनी!

माझ्यातला इंजिनिअर इथे जरा दुखावला. ही वाढलेली वेळ गेली कुठे? विमान काही हळू चाललं नाही. ती वेळ गेली थांबण्यात. आधीचं विमान आणि पुढचं विमान ह्यांच्या मधल्या फटीत.

असो. आता सोलापूरला येऊ. माझं गाव, त्यामुळे येणारच होतो.

सोलापूरला समुद्र नाही हे सांगायला नकोच. बेट म्हणावं असं आमच्याकडे एकच, तळ्याच्या मधोमध असलेलं सिद्धेश्वराचं देऊळ. विमानतळ मात्र आहे, आणि तो कित्येक वर्षं अगदी बेटासारखाच होता. होटगी रस्त्याला कुंपण, आत धावपट्टी, गवत, आणि विमान नाही. दोन हजारच्या दशकाच्या शेवटी किंगफिशरचं मुंबईचं विमान काही काळ येत होतं, मग ते बंद पडलं. त्यानंतर आमच्या पिढीने विमानतळाविषयी फक्त एकच गोष्ट ऐकली : चिमणी. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची ती उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडायची की नाही, ह्यावर गावात अक्षरशः दोन तट होते. एका बाजूला ऊस घालणारे हजारो शेतकरी आणि कामगार, दुसऱ्या बाजूला विमान मागणारे व्यापारी, डॉक्टर आणि आमच्यासारखे परगावी गेलेले. दोघांचंही पोट त्याच प्रश्नात अडकलेलं. लग्नात जेवणाच्या पंगतीत सुद्धा हा विषय काढायचा नाही असा काही घरांत अलिखित नियम होता. अखेर १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. ९ जून २०२५ ला फ्लाय९१ ने गोव्याचं विमान सुरू केलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरने मुंबई आणि बंगलोर जोडलं.

मग काय, मी प्रोग्रॅममध्ये सोलापूरचे अक्षांश-रेखांश घातले. सोलापूर ते मुंबई ३६२ किलोमीटर. सोलापूर ते गोव्याचं मोपा ३०४. सोलापूर ते बंगलोर ५२८. सूत्राप्रमाणे मुंबईला ५७ मिनिटं, बंगलोरला एक तास दहा मिनिटं. गोवा सगळ्यात जवळ, पण तिथे एटीआर जातं, ताशी पाचशेच्या आसपास, त्यामुळे ३०४ किलोमीटरलाही एक तास सहा मिनिटं. म्हणजे गोवा आणि बंगलोर आमच्यासाठी जवळपास सारखेच लांब. ह्याला म्हणतात गणित!

मुंबईचा आकडा बघून एक शाळेतला भूगोल आठवला. मुंबईचा विमानतळ उभा आहे साष्टी बेटावर. पूल आणि भराव इतके झालेत की ते बेट आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण नकाशात आहे. थोडक्यात, आमचंही विमान एका बेटावर उतरतं आणि दुसऱ्या एका 'बेटा'वरून सुटतं.

ह्या ५७ मिनिटांच्या मागेपुढे काय काय लागतं ते माहीत आहेच. घरून विमानतळ वीस मिनिटं, आधी तासभर पोचायचं, उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि सांताक्रूझहून फोर्टात जायचं तर दीड तासही कमी पडतो. धरा सव्वाचार तास. त्याच्यासमोर वंदे भारत, जी १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, ती थेट सीएसटीला सोडते साडेसहा तासांच्या आसपास. आणि आमची सिद्धेश्वर एक्सप्रेस? ती तर माझ्या हिशेबी शून्य तास घेते. रात्री जेवून बसायचं, शेंगाचटणीचा डबा उशाशी, डोळे उघडले की दादर. झोपेत गेलेला वेळ प्रवासात धरायचा का, ह्यावर आमच्या ग्रुपमध्ये एकदा मोठा वाद झाला होता. माझा मित्र म्हणाला, "काय बे, झोप काय तू घरी फुकट घेतो का?" मुद्दा बिनतोड आहे.

इथपर्यंत सगळी गंमत होती. आता गंमत नसलेला भाग.

ऑगस्ट २०२२. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबांचा फोन आला. आजी गेली. ती बरेच दिवस अंथरुणावर होती, त्यामुळे फोन बघताच कळलं होतं. बाबा शांतपणे म्हणाले, "तू ये. आम्ही थांबतो."

मी तेव्हाही बंगलोरातच होतो. हवाई अंतर ५२८ किलोमीटर. त्या वेळी सोलापूरला विमान नव्हतं. स्लीपर बस आठ ते दहाच्या दरम्यान सुटतात, त्या गेल्या होत्या. सोयीची रेल्वेही सुटून गेली होती. एक टॅक्सी मिळत होती, चित्रदुर्ग-होस्पेट-विजापूर रस्त्याने सहाशेवर किलोमीटर, रात्रभर. ती काढली असती तर सकाळी अकरापर्यंत पोचलो असतो. पण बाबा म्हणाले, "रात्रीची गाडी काढायची नाही. एक गेलं ते पुरे." ह्यावर कुठलाही मुलगा काही बोलू शकत नाही. शेवटी पहाटेच्या विमानाने हैदराबाद आणि तिथून टॅक्सी. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. दीड-पावणेदोनला घरी पोचलो. फोन आल्यापासून साडेचौदा तास.

त्या साडेचौदा तासांत विमान हवेत होतं साधारण एक तास. टॅक्सी साडेपाच-सहा तास. बाकीचे सात-आठ तास मी हललोच नव्हतो. मी वाट बघत होतो. आणि तिकडे अंगणात पन्नास-साठ माणसं माझी वाट बघत होती. बर्फ दोनदा आणला होता. शेजारच्या काकूंनी सगळ्यांना चहा दिला होता, कारण घरात चूल पेटवायची नव्हती. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, तेही थांबले. कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण मी दारात आलो आणि सगळे एकदम उठून उभे राहिले, तेव्हा मला समजलं की माझ्या प्रवासाचा वेळ फक्त मी दिला नव्हता. तो त्या सगळ्यांनी मिळून दिला होता.

म्हणून आता सोलापूर-बंगलोर एक तास दहा मिनिटं हा आकडा स्क्रीनवर बघितला तेव्हा माझा पहिला विचार हाच होता : हे विमान तेव्हा असतं तर?

आणि मग मी तो हिशेब खरंच मांडला. समजा, दिवसातून एक विमान आहे आणि ते दुपारी तीनला सुटतं. रात्री अकरा दहाला फोन. विमान दुसऱ्या दिवशी तीनला, चार दहाला सोलापूर, पाचच्या आत घरी. म्हणजे हैदराबादच्या वळशाने मी दीड-पावणेदोनला पोचलो, आणि थेट विमानाने तीन तास उशिरा पोचलो असतो! तेही त्या दिवशी विमान असतं तर. आठवड्यातून चारच दिवस असतं तर कदाचित थांबा म्हणायचीही सोय नव्हती.

ह्यात काही जादू नाही, साधी सरासरी आहे. गाडी ठरावीक अंतराने सुटत असेल आणि तुमची गरज कुठल्याही क्षणी उभी राहत असेल, तर सरासरी वाट बघावी लागते दोन गाड्यांमधल्या वेळेच्या निम्मी. पुण्याची एसटी दर अर्ध्या तासाने सुटत असेल तर सरासरी थांबणं पंधरा मिनिटं. दिवसाला एक विमान असेल तर बारा तास. आठवड्याला चार असतील तर १६८ भागिले आठ, म्हणजे एकवीस तास. आणि विमान उडतं किती? सत्तर मिनिटं. आता ह्या सत्तरची साठ झाली काय आणि ऐंशी झाली काय!

अर्थात ठरवून केलेल्या प्रवासाला हे लागू नाही. दिवाळीचं तिकीट दोन महिने आधी काढलं, तर विमान दिवसाला एक असो की दहा, आपण त्याच्या वेळेवर जातो. माझं तसं एक येणं झालंही. इलेक्ट्रॉनिक सिटीतून देवनहळ्ळीचा विमानतळ पन्नासेक किलोमीटर आणि दोन तास, आधी दीड तास, हवेत सव्वा तास, सोलापुरात बाहेर पडून रिक्षाने घर. पाच-सव्वापाच तासांत आईच्या हातची कडक भाकरी. बसला अकरा-बारा तास लागतात, तेव्हा तक्रार करायला जागाच नाही. चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्याला, तपासणीसाठी मुंबईला जाणाऱ्या पेशंटला, पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूरला येणाऱ्या लांबच्या भाविकाला ह्या विमानाचा उपयोग आहेच. माझं म्हणणं एवढंच की प्रवास दोन प्रकारचे असतात, ठरवून केलेले आणि फोन आल्यावर केलेले. पहिल्याला लागतो वेग. दुसऱ्याला लागते ती पुढची गाडी लवकर सुटणं. आणि आपण परगावी राहणारे लोक रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो ते दुसऱ्या प्रकारच्या भीतीने.

आता परत अगत्तीकडे बघितलं तर तिथलं जगणं नीट समजतं. लक्षद्वीपच्या बेटांवर कुणी अत्यवस्थ झालं तर हेलिकॉप्टरने कोचीला हलवतात. बोट कोचीहून बेटांवर जायला चौदा ते अठरा तास घेते आणि ती काही रोज आपल्याच बेटावर येत नाही. कोचीचं अंतर पाचशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे माझ्या आणि आजीच्या मधल्या अंतरापेक्षाही कमी. तरी हेलिकॉप्टर लागतं. त्याचं कारण नुसतं पाणी नाही. आपल्याला हवं तेव्हा निघता येत नाही, हे आहे. साष्टी बेटाला पूल आहेत, दर पाच मिनिटांनी लोकल आहे, म्हणून मुंबईकराला आपण बेटावर राहतो हे आठवत नाही. आणि आम्ही दख्खनच्या पठारावर मधोमध असून रात्री अकरानंतर बेटावरचेच.

मग विमानं जास्त का सोडत नाहीत? ह्याचंही उत्तर तेच जुनं, कोंबडी आधी की अंडं. फेऱ्या कमी म्हणून लोक बस धरतात, लोक बस धरतात म्हणून विमान रिकामं, विमान रिकामं म्हणून फेऱ्या कमी. हेच चक्र मोडायला २०१६ मध्ये केंद्राने उडान योजना आणली. तासाभराच्या उड्डाणाला काही जागांचं भाडं अडीच हजारांवर बांधलं आणि कंपनीचा तोटा तीन वर्षं सरकारने भरून द्यायचा, अशी ती मूळ कल्पना. देशात काही मार्ग तेवढ्यात स्वतःच्या पायावर उभे राहिले, कित्येक मदत संपताच बंद पडले. किंगफिशरच्या वेळचं सोलापूरकरांना आठवतच असेल. उद्घाटनाला पेढे वाटणं सोपं असतं, तिसऱ्या वर्षी फेऱ्या टिकणं अवघड.

म्हणून पुढच्या वेळी कुणी नेता किंवा काका तुम्हाला सांगायला लागले, "आता सोलापूर ते अमुक फक्त पन्नास मिनिटं", तर त्यांना नम्रपणे विचारा, "दिवसातून किती वेळा? आणि शेवटचं किती वाजता?" अंतर पृथ्वीने ठरवलंय, वेग विमान बनवणाऱ्याने. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र माणसं ठरवतात, म्हणजे ती मागता येतात, बदलताही येतात. चिमणीवर आपण इतकी वर्षं भांडलो, त्यातला थोडा जोर फेऱ्यांसाठी राखून ठेवायला हरकत नाही.

बाबांना मी फोनवर हे सगळं गणित ऐकवलं. हॅवरसाइन, ८२ मिनिटं, १६८ भागिले आठ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, हे आपल्या फ्रिजवर लिहिलेलं आहे." आईने लगेच त्याचा फोटो पाठवला. वहीचा एक रेघांचा कागद, बाबांचं बँकेतलं टपोरं अक्षर. डावीकडे बंगलोरहून सोलापूर, उजवीकडे सोलापूरहून बंगलोर. रेल्वे, बस, विमान, हैदराबादमार्गे, पुण्यामार्गे. प्रत्येकापुढे वार आणि सुटायची वेळ, आणि खाली दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर. खाडाखोड भरपूर, कारण वेळा बदलल्या की ते बदलतात. २०२२ पासून लावलाय म्हणे.

त्या कागदावर किलोमीटर कुठेच नाहीत. कुणाला किती तास लागतात तेही नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र एवढे दोनच रकाने होते. आता तिसरा टाकायला घेतलाय, कागद समोर ठेवून.